जॅमरची चावी

बॉम्बशोधक पथकात तिला सगळे मौनीबाई म्हणत, ते चिडवायला. बाई सकाळी हजेरीला उभी राहिली की जी बोलायला लागायची ती संध्याकाळी बूट काढेपर्यंत. गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा, "आपल्या गाडीचा हॉर्न बिघडला तरी काळजी नाही, मौनीबाई बसलेल्या आहेत." आणि नेमकं हिच्याकडेच काम कुठलं, तर दुसऱ्यांची तोंडं बंद करायचं.

पथकाच्या निळ्या गाडीत मागच्या बाजूला एक लोखंडी पेटी बसवलेली होती. जॅमर. कुठे बेवारस पिशवी सापडली की आधी आसपासचे फोन, वायरलेस, सगळं बंद पाडायचं, म्हणजे कुणी लांब बसून बटण दाबायला नको. पेटीची चावी मौनीबाईच्या गळ्यात, शर्टाच्या आत. ती फिरली की चार रस्ते एका क्षणात मुके व्हायचे. दुकानदार फोन झटकून बघायचे, कुणाचं भांडण अर्ध्यात तुटायचं, कुणाचं जुळतही असेल.

जॅमरला आपला-परका कळत नाही. पथकाचे स्वतःचे वॉकीटॉकीसुद्धा बंद पडत. मग माणसं हातवाऱ्यांवर यायची. हात वर म्हणजे थांब, आडवा म्हणजे मागे हो. साहेबांना मध्येच कान खाजवायची सवय होती, त्यामुळे एकदा अख्खं पथक उगाच मागे पळालं होतं. त्या सगळ्या शांततेत मौनीबाईला चैन पडायचं नाही. ती पेटीशेजारी बसून एकटीच बोलत राहायची, पेटीशीच.

पेटीला अॅम्ब्युलन्सही कळत नाही, ही गोष्ट मात्र पथकात कुणाच्या गावी नव्हती. मौनीबाईला ती कळली, कारण तिची नणंद अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होती. कुठल्या गाडीने कुठे जायचं, कुणाला कुठल्या इस्पितळात न्यायचं, हे ती कानाला हेडफोन लावून दिवसभर सांगायची. खूप वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती भावाच्या घरी आली आणि पर्स फेकत म्हणाली, "आज माझ्या दोन गाड्या हरवल्या! ओरडून ओरडून घसा बसला. नुसती खरखर."

"कुठे गं?" मौनीबाईने विचारलं.

"कोर्टाच्या मागे."

मौनीबाई दुपारभर कोर्टाच्या मागेच बसून होती. दूध उतू गेलं ते दोघींपैकी एकीलाही दिसलं नाही.

तेव्हापासून दोघींचं ठरलं. चावी फिरवायच्या आधी मौनीबाई गाडीच्या पलीकडे जायची आणि फोन लावायची. नणंद वयाने लहान, पण नवऱ्याची बहीण, म्हणून 'ताई'.

"ताई, मंडईपाशी झाकण लावतेय."

"थांब, एक गाडी आत आहे माझी. हां. निघाली. आता लाव."

मग मंडईकडे जाणाऱ्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळायच्या. ज्यांना वळता येत नसे त्यांना नणंद काय सांगायचं ते आधीच सांगून ठेवायची. काम झालं की पुन्हा फोन: "काढलं गं." कुणाच्या हुकमात नाही, कुठल्या नियमात नाही. साहेबांना वाटायचं, बाई घरी फोन करते. ते ओरडायचे, "काय, संध्याकाळची भाजी ठरली का?"

"ठरली साहेब, दुधी!" म्हणत बाई चावी फिरवायची.

इतकी वर्षं सगळं नीट चाललं. मग आली सासूबाईंची कवळी.

सासूबाईंची जुनी कवळी मौनीबाईनेच करून आणली होती. म्हातारी कुरकुरत होती, पण म्हातारी कशावर कुरकुरत नव्हती? एक दिवस नणंद आली, कुणाला न विचारता आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि नवी कवळी बसवून आणली. वर जाताजाता म्हणाली, "आता बघ कशी जेवेल पोटभर. इतके दिवस अर्धपोटी होती बिचारी."

'अर्धपोटी' हा शब्द मौनीबाईला लागला. ती म्हणाली, "बरोबर आहे हो ताई. आम्ही उपाशीच ठेवत होतो. तुम्ही मोजायला येत होतात ना रोज?"

मौनीबाई 'तू'वरून 'तुम्ही'वर आली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं. नणंद ताडकन उठून गेली, आणि दोघींत अबोला पडला. निरोप म्हातारीमार्फत. म्हातारी दोन्ही कवळ्या वाटीत काढून ठेवून खुशाल दूध-भात खायची.

अबोल्याला महिना होत आला असेल. दुपारी बस डेपोत एका बाकाखाली बॅग सापडली. पथक गेलं, माणसं बाहेर काढली, दोरी बांधली. मौनीबाई सवयीने गाडीच्या पलीकडे गेली. फोन हातात धरून क्षणभर थांबली. मग मनाशी म्हणाली, कवळी गेली खड्ड्यात, आणि तिने फोन लावला. दोन रिंगा वाजल्या आणि पलीकडून फोन कापला गेला. तिने पुन्हा लावला. पुन्हा कापला.

"भाजी ठरली का नाही?" साहेब ओरडले.

कंट्रोल रूमचा दुसरा कुठला नंबर तिला माहीत नव्हता. इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता. तिने चावी फिरवली.

बॅगेत पोहण्याचा ओला पोशाख निघाला, आणि चष्मा. सगळे सुटल्यासारखे हसले. तेवढ्यात कुणी मंत्री त्याच रस्त्याने जायचे होते, म्हणून साहेबांनी जवळ येऊन सांगितलं, मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही, आणि ते जीपमधून पुढे गेले. निळी गाडी मागून निघाली, पेटी चालूच. मुख्य रस्त्यावर ही गर्दी. मागून अॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला तशी मौनीबाई ड्रायव्हरला म्हणाली, "अरे बाजूला घे, बाजूला घे, जाऊ दे तिला." ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. अॅम्ब्युलन्स पुढे गेली आणि, जसं सगळेच ड्रायव्हर करतात तसं, त्यानेही आयती मोकळी झालेली वाट बघून गाडी तिच्या मागोमाग घुसवली. थेट इस्पितळाच्या चौकापर्यंत ते तिच्या पाठीला चिकटून आले.

"बघा मौनीबाई," ड्रायव्हर खुशीत म्हणाला, "सगळं शहर आपल्याला वाट देतंय."

ठाण्यात साहेब लालबुंद होऊन उभे होते. "मघापासून बोंबलतोय मी, बंद करा, बंद करा! कान फुटले का तुमचे?"

"कशावरून बोंबलत होतात साहेब?" मौनीबाईने विचारलं.

साहेबांनी हातातल्या वॉकीटॉकीकडे पाहिलं. जॅमर बंद करायचा हुकूम ते जॅमरनेच मुका केलेल्या यंत्रातून देत होते. संध्याकाळपर्यंत पथक हसत होतं. मौनीबाईही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

रात्रीच्या स्वयंपाकाला लागली तोच नणंद आली. चपला पायात तशाच ठेवून ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"आज पेटी लावली होतीस तू?"

"मी फोन केला होता ताई. दोनदा."

"मी कापला."

"माहीत आहे."

नणंद ओट्याला टेकली. "बेकरीतला माणूस होता. पीठ मळायच्या यंत्रात हात गेला. गाडी त्याला घेऊन नेहमीच्या इस्पितळाकडे निघाली, आणि तिथून मला फोन, की हाताचा सर्जन आज नाही, पुलाजवळच्या इस्पितळात न्या, तिथे तयारी आहे. मी गाडीला सांगतेय. सांगतेय. खरखर. पूल मागे पडला, तरी खरखर. आमचा ड्रायव्हर म्हणतो, सगळी वाट एक निळी गाडी मागे होती."

मौनीबाईच्या हातातला झारा खाली आला. "आम्ही वाट दिली होती तुमच्या गाडीला," ती म्हणाली.

"चुकीच्या दारात जाऊन परत उलटी आणली. जीव आहे. हात मनगटापासून काढला."

बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?" दोघी समोरासमोर उभ्या होत्या. तू फोन का कापलास, हे मौनीबाईने विचारलं नाही. तू पेटी का लावलीस, हे नणंदेने विचारलं नाही. दोघींच्या ओठांवर ते आलेलं मात्र दोघींना दिसलं. शेवटी नणंद म्हणाली, "चल, बस जरा," आणि तिने स्वतःच गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी मौनीबाईने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाईट झालं. पण तुम्ही घाबरू नका. आपण कुठलाही नियम मोडलेला नाही."

"साहेब, नियम आहे कुठे?"

"नाही ना! म्हणूनच तर मोडला नाही."

साहेबांनी हे तिला धीर देण्यासाठी म्हटलं होतं. तिला मात्र वाटलं, एका माणसाचा हात तुटला आणि तो कुणी तोडला हे विचारायला गेलं, तर सगळ्या टेबलांवरून एकच उत्तर येणार: आम्ही नाही. ती नणंदेला म्हणाली, "आपण दोघी घरात एकमेकींना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान कुणाची तरी चूक तरी ठरली असती."

योगायोगाने त्याच सुमाराला जॅमरचे नियम करायला एक समिती बसली होती. जो उठेल तो जॅमर विकत घ्यायला लागला होता, परीक्षेवाले, लग्नाच्या हॉलवाले. तेव्हा यंत्र फक्त पोलीस आणि अग्निशमन दलाकडेच ठेवायचं, आणि ते कसं वापरायचं हे लिहून काढायचं, असं चाललं होतं. समितीला पेटी बघायची होती. साहेबांनी मौनीबाईला बरोबर नेलं आणि जिन्यात बजावलं, "तुम्ही पेटी दाखवायची. बोलायचं मी."

"बरं," मौनीबाई म्हणाली. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला.

लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्ष बसल्या होत्या, निवृत्त न्यायाधीश. एका अधिकाऱ्याने मसुदा वाचला. त्यात एक कलम होतं: जॅमर सुरू करण्यापूर्वी शक्य असल्यास रुग्णवाहिका सेवेस कळवावे.

"शक्य असल्यास म्हणजे कसं बाई?" भिंतीजवळून आवाज आला.

साहेबांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"चावी माझ्याकडे असते. लोक म्हणतात ना, जमलं तर जेवायला या? त्याचा अर्थ येऊ नका. तसंच आहे हे. डोक्यावर साहेब ओरडत असताना काहीच शक्य नसतं."

"मॅडम, यात गुप्ततेचा प्रश्न आहे," साहेब घाईने म्हणाले. "आधी कळवलं तर बातमी फुटते. पलीकडचा माणूस सावध होतो."

"साहेब, डेपोतून शेकडो माणसं बाहेर काढली, दोरी बांधली, कुत्रं आणलं. पलीकडचा माणूस काय झोपला होता? बातमी सगळ्यांना होती. नव्हती ती फक्त अॅम्ब्युलन्सला."

टेबलावर कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग इतकी वर्षं काही घोटाळा कसा झाला नाही?"

आता मात्र मौनीबाई थांबली. हे बोललं की वर्षानुवर्षांचे ते फोन उघडे पडणार, तिचेही आणि नणंदेचेही. पण हे लपवून ठेवलं तर समिती म्हणणार, सगळं आपोआप नीट चालतं, शक्य असल्यास पुरे. आदल्या दिवशी नणंद म्हणाली होती, "माझं नाव सांग खुशाल. काढलं कामावरून तर आईच्या कवळ्या घासत बसेन." तेव्हा तिने सगळं सांगितलं, फोन, झाकण, दुधी, अबोला, कवळी.

कवळीपाशी टेबलावर हशा पिकला.

"हसा," मौनीबाई म्हणाली. "मीही हसले होते त्या दिवशी. पण नीट ऐका. इतकी वर्षं तुमच्या शहराचा जीव आमच्या नणंद-भावजयीच्या गोडीवर टांगलेला होता. आमची गोडी किती टिकते ते तुमच्या घरी जाऊन विचारा. आम्ही महिनाभर बोललो नाही, आणि एक माणूस आता डाव्या हाताने जेवतोय. माझं म्हणणं एवढंच आहे. कंट्रोल रूममध्ये जो कुणी बसला असेल त्याने 'हो' म्हटल्याशिवाय चावी फिरता कामा नये. आणि काम संपलं की चावीवाल्याने स्वतःच्या अकलेने बंद करावं. हुकमाची वाट बघू नये. हुकूम येणार कशावरून? आम्हीच तर सगळं बंद केलेलं असतं."

साहेबांचा चेहरा डेपोच्या दिवसासारखाच झाला होता. "मॅडम, माफ करा. अशा कर्मचाऱ्याला या कामावर ठेवावं की नाही, याचा मी आजच विचार करतो. बदली होईल यांची."

"करा की बदली," मौनीबाई म्हणाली. "पण माझ्या जागी जी येईल, तिच्यासाठी कंट्रोल रूममधली नणंद तुम्ही बघून देणार का?"

अध्यक्ष म्हणाल्या, "समिती विचार करेल," आणि चहा आला.

जिन्यात साहेब दोन-दोन पायऱ्या गाळत पुढे उतरले. खाली गाडीपाशी आल्यावर मौनीबाईच म्हणाली, "साहेब, समितीचा विचार होईल तेव्हा होईल. यापुढे फोन तुम्ही करायचा. माझ्या नणंदेला नाही, कंट्रोल रूमला. तो झाला की चावी फिरेल."

"आणि नाही केला तर?"

"तर नाही फिरणार."

घरी नवऱ्याने डोकं धरलं. "अगं, निवृत्ती तोंडावर आली. थोडे दिवस गप्प बसलीस तर काय बिघडेल?"

"या घरात गप्प बसायला तुम्ही आहात. तेवढं पुरे."

बदलीचा कागद यायच्या आतच पुढची वेळ आली. पोस्टासमोरच्या फुटपाथवर सूटकेस. भर दुपार, ऊन मी म्हणतंय, दोरीमागे बघ्यांची गर्दी. जाडजूड पोशाख चढवलेला माणूस घामाने भिजून खुणेची वाट बघत उभा. साहेबांनी मौनीबाईला हाताने खूण केली: सुरू कर.

मौनीबाई गाडीतून खाली उतरली. चावी मुठीत.

"चावी लावा."

"फोन लावा साहेब."

"बाई, ही भांडायची वेळ आहे का? आत खरंच काही असलं आणि फुटलं तर?"

"म्हणूनच म्हणते, भांडू नका. जेवढं बोललात तेवढ्यात फोन झाला असता."

"हा हुकूम आहे!"

"हुकूम मोडतेय मी. इतक्या लोकांसमोर मोडतेय, साक्षीदार शोधायला नकोत तुम्हाला."

साहेब ड्रायव्हरकडे वळले. "घे रे चावी त्यांच्याकडून."

ड्रायव्हर खाली वाकला आणि टायर निरखून बघू लागला. "साहेब, हवा कमी वाटते," तो टायरला म्हणाला.

साहेबांनी खिशातून फोन काढला. "नंबर?" ते दातांवर दात दाबून म्हणाले. मौनीबाईने सांगितला. नणंदेचा नाही, तिच्याकडून मागून घेतलेला कंट्रोल रूमच्या टेबलाचा. पलीकडे त्या दिवशी कुणी वेगळीच मुलगी होती. तिला साहेब म्हणजे कोण ते ठाऊक नव्हतं, आणि त्याची तिला काही पर्वाही दिसली नाही. फोनमधून तिचा बारीक आवाज बाहेरही ऐकू येत होता. "कुठे म्हणालात? पोस्टासमोर? थांबा, फोन ठेवू नका."

साहेब फोन कानाला लावून उन्हात उभे राहिले. सगळं पथक त्यांच्याकडे बघत होतं.

"काय म्हणतेय?" मौनीबाईने विचारलं.

"थांबा म्हणतेय."

"मग थांबा."

पोस्टामागच्या गल्लीतून एक अॅम्ब्युलन्स बाहेर आली, भोंगा न वाजवता, आत कुणी म्हातारं माणूस बसलेलं. ती वळून दिसेनाशी झाली. मग फोनमधला आवाज म्हणाला, "हां, आता करा."

साहेबांनी मान हलवली. मौनीबाईने चावी फिरवली.

सूटकेसमध्ये कुणाचे तरी जुने पडदे होते. शेवटचा पडदा झटकला गेला तशी मौनीबाईने कुणाच्याही खुणेची वाट न बघता चावी उलटी फिरवली. वॉकीटॉकी एकदम खरखरून बोलायला लागले.

"कुणाच्या हुकमाने बंद केलंत?" साहेब अंगावर आले.

"काम संपलं ना."

"उद्या सकाळी माझ्यासमोर उभं राहायचं. आजच्या सगळ्याचा खुलासा पाहिजे मला."

"येते की. चांगला लांब खुलासा देते, खुर्ची मागवून ठेवा." तिने चावी शर्टाच्या आत टाकली आणि वरचं बटण लावलं. "पण आधी परत फोन करा साहेब. रस्ता मोकळा झाला म्हणून सांगा. ती पोरगी तिकडे गाड्या अडवून बसलीय."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. ती जागची हलली नाही, आणि ड्रायव्हरनेही गाडी सुरू केली नाही.